चढत्याला काडीचा आधार

भाद्रपदात पाऊस थोडी उसंत घेतो, ऊन पडतं आणि इंदूरच्या मोकळ्या मैदानांवर, रिकाम्या प्लॉटांवर, गच्च्यांच्या वर दोन-तीन पुरुष उंचीवर पिवळसर चतुरांचे थवे तरंगू लागतात. गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघायचे हे दिवस. अनंत चतुर्दशीच्या गर्दीत वर कुणी पाहत नाही, पण पाच-साडेपाचच्या उन्हात मान वर केली तर मोजता मोजता नजर हरते. पंख फारसे हलत नाहीत. वाऱ्यावर घसरत जातात, वळतात, पुन्हा त्याच जागी येतात. पोरं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. मराठीनं नाव दिलं चतुर, आणि त्याच्या किरकोळ अंगाच्या, बसताना पंख पाठीवर मिटून घेणाऱ्या भावंडाला टाचणी. टाचणी तर दिसतेच टाचणीसारखी. चतुराला चतुर का म्हणायचं, ते कळायला मात्र तळ्याकाठी थोडं बसावं लागतं.

जगभरच्या माणसांनी या किड्याला काय काय चिकटवलंय! जपानच्या जुन्या नावांपैकी एक नाव अकित्सुशिमा, म्हणजे चतुरांचं बेट. तिथल्या सामुरायांनी त्याला विजयाचा कीटक मानलं आणि आपल्या शिरस्त्राणांवर बसवलं, कारण त्यांचा समज असा की तो पुढेच जातो, मागे हटत नाही. इंग्रजी मुलखात त्याची सैतानाची सुई झाली. खोटं बोलणाऱ्या मुलाचे ओठ तो झोपेत शिवून टाकतो, अशी भीती घातली जाई. पोर्तुगीज भाषेत त्याला डोळे काढणारा म्हणतात. व्हिएतनामच्या म्हणीत तो खाली उडाला तर पाऊस, उंच उडाला तर ऊन. अमेरिकेतल्या नवाहो लोकांनी त्याच्यात स्वच्छ पाणी पाहिलं. आणि आता लॉकेटवर, टॅटूत, भिंतीवरच्या चित्रांत तो परिवर्तनाचं प्रतीक म्हणून बसलेला दिसतो.

यातले काही समज तपासले की लगेच गळून पडतात. चतुराला नांगी नाही, तो डसत नाही, ओठ तर शिवतच नाही. मागे हटत नाही हेही खरं नाही. त्याच्या चारही पंखांना थेट जोडलेले स्वतंत्र स्नायू आहेत. पुढची जोडी आणि मागची जोडी तो वेगवेगळ्या तालात हलवतो, म्हणून जागच्या जागी थांबतो, तिरका सरकतो आणि गरज पडली तर सरळ मागेही येतो. आमच्या मते तर हेच त्याचं मोठेपण. पंखाच्या टोकाजवळ एक छोटा गडद ठिपका असतो, तो नुसती नक्षी नाही. पंखाचा तेवढाच भाग किंचित जड आहे, आणि त्या जडपणामुळे वेगात घसरताना पंखाला थरथर सुटत नाही. नवाहोंचं म्हणणं मात्र पटतं. चतुराचा विचार पाण्यापासूनच सुरू करायला हवा.

परिवर्तनाबद्दल वाद नाही. पण लॉकेटवरच्या त्या चित्रात पंख तेवढे असतात. पाणी नसतं, चिखल नसतो, आणि काडी तर कधीच नसते.

चतुर आपल्याला दिसतो तो त्याच्या आयुष्याचा शेवटचा तुकडा. काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने. एका दिवसात मरतो ही समजूत चुकीची आहे. त्याच्या आधीचं सगळं आयुष्य पाण्याखाली जातं. साचलेल्या डबक्यात वाढणाऱ्या जातींना दीड-दोन महिने पुरतात, बाकीच्यांना बरेच महिने लागतात, आणि थंड प्रदेशातल्या काही जाती पाच-पाच वर्षं पाण्यात काढतात. अंड्यातून निघतं त्याला पुस्तकात डिंभक म्हणतात, आपण पिल्लूच म्हणू. मातकट रंगाचं, सहा पायांचं, दिसायला कोळ्यासारखं. तळाच्या गाळात किंवा शेवाळाच्या आडोशाला ते निश्चल बसून राहतं. त्याचा खालचा ओठ लांब असतो, कोपरात वाकवलेल्या हातासारखा घडी करून चेहऱ्याखाली ठेवलेला. भक्ष्य टप्प्यात आलं, की तो ओठ झटक्यात पुढे येतो, टोकावरच्या आकड्यांत डासाची अळी अडकते आणि घडी मिटते. डोळ्याची पापणी लवायच्या आत. बेडकाचं पिल्लू, छोटा मासा, स्वतःचंच धाकटं भावंड, काहीही चालतं.

श्वासाची सोयही अजब. चतुराच्या पिल्लाचे कल्ले शरीराच्या मागच्या टोकाला, गुदाशयात असतात. पाणी आत घ्यायचं, त्यातला प्राणवायू शोषायचा, पाणी बाहेर सोडायचं. संकट आलं तर तेच पाणी जोरात मागे फेकून ते बाणासारखं पुढे सटकतं. टाचणीच्या पिल्लाचे कल्ले बाहेर, शेपटीला तीन पानांसारखे लागलेले असतात. तळ्यातलं गढूळ पाणी पांढऱ्या ताटलीत घेऊन पाहा: शेपटीला तीन पानं दिसली तर टाचणी, टोकाला नुसते काटे असले तर चतुर. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, पण या पिल्लांना निवडीला वाव नसतो. मासे त्यांना खातात, थोडी मोठी झाली की तीच माशांची पिल्लं खातात. डासांवर उपाय म्हणून गप्पी आणि गम्बुझिया मासे सोडले जातात, ते डासांच्या अळ्यांबरोबर कोवळी चतुरपिल्लंही फस्त करतात. डासांचा एक शत्रू आणून दुसरा घालवायचा, हा व्यवहार नीट विचार न करता होतो, याचं वाईट वाटतं.

वाढताना पिल्लू दहा-बारा वेळा कात टाकतं. शेवटच्या काही काती टाकताना पाठीवर पंखांच्या छोट्या पिशव्या दिसू लागतात. मग एका टप्प्यावर ते खाणं बंद करतं. पंखांच्या पिशव्या फुगतात, आणि ते काठाशी येऊन डोकं आणि छाती पाण्याबाहेर काढून बसतं, हवेत श्वास घ्यायला शिकत. फुलपाखराला मधे कोश असतो. बंद दाराआड अळीचं सगळं मोडून नवं घडतं, आणि कुणी पाहत नाही. चतुराला कोश नाही. त्याला जे काही व्हायचं ते उघड्यावर, वाऱ्यात, मुंग्यांच्या वाटेवर व्हायचं असतं. परिवर्तनाचं प्रतीक म्हणून फुलपाखरू आणि चतुर एकाच माळेत ओवतात, तेव्हा हा फरक हरवतो.

मोठ्या जाती बहुतेक रात्री चढतात आणि सूर्य उगवायच्या आत उडतात. टाचण्या आणि काही लहान चतुर सकाळीही निघतात, म्हणून पाहायचं असेल तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात पहाटे साडेपाचला काठावर असावं. लाल कागद लावलेली विजेरी बरी. चढण्यासाठी पिल्लू उभी, खरखरीत, न हलणारी काडी शोधतं: लव्हाळं, पाणकणसाचं पान, वाळकी बोरूची काडी. पाण्यावर वीतभर तरी चढतं. मग पायांच्या नख्या काडीत घट्ट रोवतं आणि अंग दोन-चारदा हिसडून पाहतं, खाली-वर, डावीकडे-उजवीकडे. आजूबाजूला पंख पसरायला जागा आहे का, धरलेली काडी धरेल का, याचीच ती तपासणी असावी असं वाटत राहतं. पटलं नाही तर खाली उतरून दुसरी काडी गाठतं.

त्यानंतर पाठीवर उभी चीर पडते. आधी छाती फुगून वर येते, मग डोकं, मग पाय. जुन्या कातीतून पांढरे दोरे ओढले जाताना दिसतात. ते श्वासनलिकांचं जुनं अस्तर. रिकाम्या कातीच्या पाठीतून लोंबणारे हे दोरे पाहिले, की ती मेलेली अळी नसून उतरवलेली कात आहे हे ओळखता येतं. अर्धं अंग बाहेर आलं, की नवा चतुर मागे झुकून उलटा लटकतो, डोकं खाली, आणि तसाच थांबतो. अर्धा तास, कधी जास्त. नवखा माणूस इथे घाबरतो. त्याला वाटतं अडकला, मेला, काडीनं जरा सोडवावा. तसं केलं तर तो खरोखरच मरतो. या अर्ध्या तासात त्याचे पाय कडक होत असतात, आणि पाय कडक झाल्याशिवाय पुढचं काही शक्य नसतं. मग एकाएकी तो उसळी मारून वर वळतो, आपल्याच जुन्या डोक्याला पायांनी धरतो आणि शेपूट ओढून काढतो.

पंख अजून चुरगळलेल्या चिठ्ठीसारखे असतात. त्यांच्या शिरांत शरीरातला द्रव दाबानं भरला जातो आणि वीसेक मिनिटांत ते दुधी, ओलसर, पूर्ण लांबीचे होतात. तोच द्रव मग पोटात ओढला जातो आणि शेपूट लांबते. ते झालं की पंख उघडतात, वाळतात, काचेसारखे चकाकतात. सगळं मिळून दीड ते तीन तास. पहिलं उड्डाण डळमळीत असतं, आणि ते पाण्यापासून दूर जाणारं असतं. रंग त्यानंतर काही दिवसांनी भरतो. तळ्यावर मिरचीसारखा लाल दिसणारा नर आधी मादीसारखाच पिवळट असतो.

बिघडतं कुठे, तेही पाहण्यासारखं आहे. काड्या दाटीनं असल्या तर ओला पंख शेजारच्या पानाला चिकटतो आणि तसाच वाकडा वाळतो. एकदा वाकडा वाळलेला पंख पुन्हा सरळ होत नाही. वाऱ्याच्या झुळकेनं काडी हलली तर तो पाण्यात पडतो. दुसरं पिल्लू त्याच काडीवर चढून त्याला तुडवतं. पहाटे थंडी अचानक वाढली तर सगळं लांबतं आणि उजाडल्यावर साळुंक्या, खंड्या, मुंग्या येतात. या दोन तासांत त्याला पळता येत नाही, लपता येत नाही, भांडता येत नाही. पुढे ज्याचे डोळे तीस हजारांच्या आसपास भिंगांचे, ज्याची शिकार प्रयोगात शंभरात पंचाण्णव वेळा साधते, जो माशीच्या मागे न धावता ती जिथे पोचणार तिथे आधीच जाऊन तिला गाठतो, त्याच्या हाती त्या दोन तासांत एक काडी असते. बुडत्याला काडीचा आधार ही म्हण आपण निराशेनं वापरतो. चढत्यालाही तोच आधार लागतो, हे तळ्याकाठी दिसतं.

कात टाकणं हा मराठीतला लाडका शब्दप्रयोग. शहरानं कात टाकली, असं आपण इंदूरबद्दल गेली काही वर्षं अभिमानानं म्हणतो, आणि त्यात खोटं काही नाही. 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिला क्रमांक, 2021 साली नाल्यांतलं सांडपाणी अडवल्याबद्दल देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर. 2022 साली सिरपूर तलाव आणि गंभीर नदीवरचा यशवंत सागर जलाशय रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेले, आणि 2025 च्या जानेवारीत उदयपूरबरोबर इंदूरला पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली. धार रस्त्यावरचा होळकरकालीन सिरपूर तलाव टिकला तो आपोआप नव्हे. भालू मोंढे यांच्यासारख्या चित्रकार-छायाचित्रकारानं आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं त्या पाण्याची राखण केली. सिरपूरचा गवताळ, चिखलट, नजरेला ओबडधोबड वाटणारा काठ ही त्या राखणीची खरी मिळकत आहे.

कारण सुंदर करायचं म्हणून तळ्याला चारी बाजूंनी गुळगुळीत सिमेंटची भिंत आणि वर फरशी बसवली, की पाणी स्वच्छ राहतं, फिरायला रस्ता होतो, पण पिल्लाला चढायला काही उरत नाही. सगळ्याच जातींना तसं होत नाही, हेही सांगायला हवं. राखाडी ठिपक्यांचा एक चतुर मुळात खडकावरचा आहे. तो भिंतीवर असा चपटून बसतो की दगडाचाच तुकडा वाटावा, सिमेंटच्या हौदात वाढतो आणि खरखरीत भिंतीवर खुशाल कात टाकतो. घाण पाण्याच्या नाल्यावर नारिंगी पंखांचा दुसरा एक चतुर गर्दी करतो. त्यामुळे नुसते चतुर दिसले म्हणून पाणी चांगलं, असा हिशेब करू नये. एकाच जातीचे शेकडो दिसणं हे बहुधा वाईट पाण्याचं लक्षण. सात-आठ जाती आणि त्यांत दोन-तीन टाचण्या दिसल्या, तर काठ ठीक आहे. उडणारा चतुर कुठूनही आलेला असू शकतो, म्हणून खरा पुरावा कातीचाच. दहा मीटर काठ निवडावा, पंधरा दिवसांनी एकदा काड्यांवरच्या काती गोळा करून काडेपेटीत ठेवाव्यात, तारीख लिहावी. पाऊस पडला की काती धुऊन जातात, तेव्हा कोरड्या दिवसांनंतरची मोजणीच धरावी.

उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण माणसांसाठी ठीक आहे, तळ्याला लावू नये. तळ्याचा जीव उथळ भागातच असतो. गुडघाभर पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, वनस्पती रुजतात, मोठे मासे फिरकत नाहीत.

ज्यांच्याकडे अंगण किंवा गच्ची आहे त्यांना हे घरीही करता येतं. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, सव्वा फूट खोल टब पुरतो. एक फूट पाणी भरलं की वजन पावणेदोनशे किलोवर जातं, म्हणून गच्चीवर तो तुळईच्या वर किंवा भिंतीलगत ठेवावा, मधोमध नव्हे. सुरुवात आषाढात करावी, म्हणजे पावसाचं पाणी भरतं. नळाचं असेल तर दोन दिवस उघड्यावर ठेवून मग ओतावं. तळाशी दोन इंच धुतलेली वाळू. माळव्याची काळी माती थेट टाकू नये, ती आठवडेच्या आठवडे खाली बसत नाही आणि पाणी गढूळ राहतं. ती कुंडीत भरून, वर खडी पसरून, त्यात नागरमोथा लावावा. पाण्यात हायड्रिला ही पाणवनस्पती मूठभर सोडावी. एका बाजूला विटांची पायरी, चार-पाच दगड, लपायला जागा. नाहीतर पिल्लं एकमेकांनाच खाऊन संपवतात. आठ-दहा बांबूच्या खरखरीत कामट्या पाण्यावर फूटभर तरी याव्यात अशा किंचित तिरक्या रोवाव्यात, दोन कामट्यांत पाच-सहा इंच अंतर. रंगवलेल्या किंवा प्लास्टिकच्या काड्या नकोत, नख्या घसरतात. खत मुळीच नको. पाणी हिरवं होतं आणि रात्री त्यातला प्राणवायू संपतो. मासे नकोत.

पहिल्या महिन्यात डास होतील, आणि डेंगीच्या दिवसांत हे हलक्यात घेता येणार नाही. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात, म्हणून दर चार दिवसांनी चहाच्या गाळणीनं अळ्या काढाव्यात, चतुरांची पिल्लं हाती लागण्याइतकी मोठी होईपर्यंत. पुढे ती हे काम स्वतः करतात. म्यानमारमधल्या यांगूनला घरगुती पाण्याच्या भांड्यांत लाल चतुराची पिल्लं सोडून डेंगीच्या डासांची संख्या मोठ्या प्रमाणावर खाली आणल्याचा प्रयोग झालेला आहे. दर चार दिवसांनी गाळणी फिरवणं जमणार नसेल, तर टब ठेवू नये. पाणी संपूर्ण कधीच बदलायचं नाही, उडेल तेवढं भरायचं. शेवाळ काढलं तर ते तासभर टबच्या कडेवर राहू द्यावं, त्यातली पिल्लं घसरत पाण्यात परत जातात.

मादी पाणी ओळखते ते चकाकीवरून. पाण्याच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश एका विशिष्ट आडव्या दिशेत कंप पावतो, आणि तिच्या डोळ्यांना ते कळतं. पण काळ्या मोटारीचं बॉनेट आणि पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइटही तसाच प्रकाश परतवतात, कधी कधी पाण्याहून ठळक. भर दुपारी एखादी मादी उभ्या मोटारीच्या बॉनेटवर शेपटीचं टोक पुन्हा पुन्हा टेकवताना दिसते. ती खेळत नसते, अंडी घालत असते, आणि ती अंडी त्या तापलेल्या पत्र्यावर भाजून जातात. लाखो वर्षं ज्या खुणेनं कधी दगा दिला नाही, ती आपल्या पार्किंगमध्ये दगा देते. तेवढ्यापुरती गाडी झाकून ठेवणं अवघड नाही.

आणि सुरुवातीला सांगितलेले ते मैदानावरचे पिवळे थवे. त्यांचं शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅवेसेन्स, वजन अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी, मागचा पंख बुडाशी रुंद, म्हणून न हलता तरंगता येतं. पावसाच्या डबक्यात दीड-दोन महिन्यांत वाढायचं आणि डबकं आटायच्या आत निघायचं, ही त्यांची रीत. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की ऑक्टोबरमध्ये या चतुरांचे लोंढे तिथे येतात, जिथे अंडी घालण्याजोगं गोडं पाणी जवळपास नाहीच. 2009 साली त्यांनी मांडलं, की हे भारतातून निघतात, ईशान्येच्या उंचावरच्या वाऱ्यावर स्वार होऊन मालदीव, सेशेल्स ओलांडत पूर्व आफ्रिकेत उतरतात, आणि पुढच्या पिढ्या पुढच्या पावसाळ्याबरोबर परत येतात. चौदा ते अठरा हजार किलोमीटरचा फेरा, चार पिढ्यांत वाटून घेतलेला. निघालेला परत येत नाही आणि परत आलेला निघालेला नसतो. वाट कुणी दाखवलेली नसते.

दसऱ्यानंतर आकाश रिकामं होतं. पण काठावरच्या काड्यांना काती अजून धरून असतात, पाण्यापासून वीतभर वर, पाठ फाटलेल्या, पांढरे दोरे वाऱ्यावर हलणाऱ्या. साधारण याच सुमारास तळ्याच्या काठाची साफसफाई निघते, आणि लव्हाळं मुळापासून काढलं जातं. पाण्याखाली तेव्हा टाचण्यांची आणि सावकाश वाढणाऱ्या चतुरांची पिल्लं बसलेली असतात, त्यांची वेळ अजून यायची असते. कापायचंच झालं तर एका वर्षी निम्माच काठ घ्यावा, पौष-माघात घ्यावा, आणि तिथेही पाण्यावर हातभर काड्या उभ्या राहू द्याव्यात.